उपासाचा फराळ आणि यकृतावरची चरबी

एकादशीचा दिवस. सकाळी साबुदाण्याची खिचडी, दुपारी वरीचा भात आणि दाण्याची आमटी, चहाबरोबर बटाट्याचा चिवडा, रात्री गुळातली रताळी. ‘एकादशी अन् दुप्पट खाशी’ ही म्हण काही उगाच पडली नाही! दिवसभर नांगरामागे चालणाऱ्या गड्याला हे पचून जाई. आता ट्रॅक्टर आला, मोटारसायकल आली, आणि सोनोग्राफीच्या कागदावर ‘यकृतावर चरबी’ असा शेरा येऊ लागला. दारूचा थेंबही न घेणाऱ्या माळकऱ्याच्या कागदावर तो दिसला, की घरची माणसे चक्रावतात.

पण ही चरबी दारूशिवायही साठते. गरजेपेक्षा जास्त गोड आणि पिठूळ खाल्ले, की यकृत त्याची चरबी करून ठेवते. असे यकृत इन्शुलिनला जुमानत नाही आणि रात्रभर रक्तात साखर सोडत राहते. सकाळी उपाशीपोटी साखर १०० ते १२५ भरली, तर माणूस मधुमेहाच्या उंबरठ्यावर आहे असे समजावे.

इथे खरा उपास उपयोगी पडतो. रात्री सातला जेवण उरकावे. मग सकाळी नऊपर्यंत पाणी किंवा बिनसाखरेचा कोरा चहा, एवढेच. उपास सोडताना भाकरी, उसळ, पालेभाजी आणि ताक घ्यावे. यात जादू नाही. खाणे कमी होते, वजन उतरते, त्याचाच हा मुख्य गुण. ८० किलोच्या माणसाने काही महिन्यांत ६ ते ८ किलो घटवले, तर यकृतावरची चरबी चांगलीच कमी होते.

मात्र साखरेची गोळी किंवा इन्शुलिन चालू असेल, तर डॉक्टरांना विचारल्यावाचून उपास धरू नये. काही गोळ्यांनी उपाशीपोटी साखर एकदम खाली येते. घाम फुटतो, हात कापतात, माणूस असंबद्ध बोलू लागतो. ‘ऊन लागले’ म्हणून त्याला निजवू नका. शुद्धीवर असेल तर लगेच साखरपाणी पाजा आणि दवाखाना गाठा. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायांनी हा प्रयोग करूच नये.

आणखी एक. घरधनी सातला जेवतो, पण सर्वांचे वाढून कारभारीण दहाला बसते. सोनोग्राफीचा कागद तिचा असेल, तर पंगत एकत्रच बसायला हवी. रात्रीच्या विजेवर पाणी धरणाऱ्याने सातचा हट्ट धरू नये. जेवणाच्या वेळा पुढेमागे कराव्यात. पण मध्यरात्री परतल्यावर पुन्हा भाताचे ताट मागू नये.