औषधशाळेतील गैरप्रकार आणि गोपनीय तक्रार

औषधात काही गैर मिसळले जात असेल, तर ते सर्वांत आधी कोणाला कळते? निरीक्षकाला नव्हे, आणि बहुधा ते औषध लिहून देणाऱ्या वैद्यालाही नव्हे. ते कळते चूर्णयंत्रावर काम करणाऱ्याला, पुड्या बांधणाऱ्या हातांना, कच्च्या मालाची आवक-जावक वही लिहिणाऱ्या कारकुनाला आणि रुग्णालयाच्या औषधभांडारातील कंपाउंडरला. ज्याला प्रथम कळते, त्याचा पगार सर्वांत कमी आणि नोकरी सर्वांत कच्ची असते. म्हणून तो गप्प बसतो. या माणसाला नाव उघड न होता बोलता येईल अशी वाट आपल्या व्यवसायात आहे काय, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

महाराष्ट्रात या विषयाचा विचार जे. जे. रुग्णालयाच्या प्रकरणापासूनच करावा लागतो. १९८६ च्या जानेवारी-फेब्रुवारीत मुंबईच्या या शासकीय रुग्णालयात मेंदूवरील वा डोळ्यातील दाब कमी करण्यासाठी दिलेल्या ग्लिसरीनमुळे १४ रुग्ण मूत्रपिंडे निकामी होऊन दगावले. ते ग्लिसरीन औद्योगिक वापराचे असून त्यात डायएथिलीन ग्लायकॉल हे विष होते. मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती लेंटिन यांच्या चौकशी आयोगाने पुरवठादारापासून रुग्णालयाची खरेदी आणि अन्न व औषध प्रशासनापर्यंत दोष दाखविला. एक बाटली रुग्णाच्या तोंडापर्यंत पोहोचण्याआधी पुरवठादाराचे गोदाम, खरेदीचे टेबल, भांडार आणि कक्ष अशा किती हातांतून जाते, हे त्या अहवालाने सर्वांसमोर आणले. त्यांपैकी एकाही हाताला निर्भयपणे थांबता येईल अशी सोय नव्हती.

पुढे चाळीस वर्षे लोटली, पण ते विष गेले नाही. २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात मध्य प्रदेशातील छिंदवाडा परिसरातील बालके खोकल्याच्या ‘कोल्ड्रिफ’ या औषधामुळे अत्यवस्थ झाली. त्यांतील अनेकांना नागपूरच्या रुग्णालयांत आणण्यात आले आणि वीसहून अधिक बालके दगावली. तमिळनाडूच्या औषध प्रशासनाने तपासलेल्या नमुन्यात ४८.६ टक्के डायएथिलीन ग्लायकॉल आढळले.

‘ही ॲलोपॅथीची प्रकरणे आहेत, आपला काय संबंध?’ असे म्हणणारे वैद्यबंधू भेटतात. संबंध आहे. संधिवातावर ‘रामबाण’ म्हणून विकल्या जाणाऱ्या पुड्यांत डेक्सामेथासोन, बीटामेथासोन वा प्रेडनिसोलोन, मधुमेहाच्या चूर्णात ग्लायबेनक्लामाइड, वाजीकरणाच्या कॅप्सूलमध्ये सिल्डेनाफिल हे प्रकार देशात व परदेशांत तपासण्यांतून वारंवार उघडकीस आले आहेत. अनुभवी वैद्याला प्रयोगशाळेआधीच शंका येते. आमवाताचा रुग्ण दुसऱ्या दिवशीच हातपाय मोकळे झाल्याचे सांगतो, महिन्या-दोन महिन्यांत त्याचे तोंड गोल होते, रक्तदाब व साखर वाढते, आणि पुडी एकाएकी बंद केली की तो कमालीचा गळून जातो. गुग्गुळाने वा रास्नेने असे होत नाही. अशा रुग्णाला ती पुडी तडकाफडकी बंद करावयास न सांगता आधी योग्य तज्ज्ञाकडे पाठवावे, हे येथे ओघाने सांगितलेले बरे.

मग वैद्य तक्रार का करीत नाही? मुख्य कारण असे दिले जाते की, त्याने शास्त्राची बदनामी होईल. या युक्तिवादाचे मोल २००४ साली कळून चुकले. त्या वर्षी अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात बॉस्टन परिसरातील दुकानांत मिळणाऱ्या ७० आयुर्वेदीय उत्पादनांची तपासणी प्रसिद्ध झाली व त्यांपैकी १४ मध्ये शिसे, पारा वा आर्सेनिक आढळले. त्या अभ्यासाने शोधित भस्म आणि दूषित कच्चा माल यांत भेद केला नाही, हा आपला आक्षेप रास्त होता. परंतु तो भेद जगाला सांगण्याची वेळ आपण दुसऱ्याने बोट दाखवीपर्यंत येऊ दिली. निर्यातीच्या वनस्पतिज औषधांना जड धातूंची चाचणी २००६ पासून अनिवार्य झाली, तीही त्यानंतरच.

दुसरे कारण अधिक सूक्ष्म आहे. चरकसंहितेच्या विमानस्थानातील आठव्या अध्यायात शिष्याला दिलेल्या उपदेशात रुग्णाच्या घरातील गोष्टी बाहेर न सांगण्याची आज्ञा आहे. तिचा आधार घेऊन ‘आतले बाहेर काढू नये’ असे सुचविले जाते. पण ती आज्ञा रुग्णाच्या रक्षणासाठी आहे, औषधशाळेच्या नव्हे. त्याच उपदेशात रुग्णाच्या हितासाठी सर्व प्रकारे झटण्याचा आदेश आहे. आधुनिक वैद्यकाच्या २००२ च्या आचारनियमांत तर व्यवसायबंधूंचे अप्रामाणिक वर्तन निर्भयपणे उघड करावे असे स्पष्ट म्हटले आहे.

निर्भयपणा कागदावर लिहिणे सोपे असते. रॅनबॅक्सी या भारतीय कंपनीतील अधिकारी दिनेश ठाकूर यांनी कंपनीच्या चाचण्यांतील आकडे बनावट असल्याचे पाहून २००५ साली नोकरी सोडली आणि अमेरिकेच्या औषध प्रशासनाला प्रथम खोट्या नावाने कळविले. तेथील कायद्यानुसार त्यांचा दावा मोहरबंद राहिला. २०१३ मध्ये कंपनीने गुन्हा कबूल करून ५० कोटी डॉलर भरले, तेव्हाच त्यांचे नाव जाहीर झाले. हे आच्छादन नसते तर ते प्रकरण तेवढी वर्षे टिकले नसते, असे माझे मत आहे.

आपल्याकडे असे आच्छादन विरळ आहे, पण अगदीच नाही असे नाही. सार्वजनिक सेवकांविरुद्धच्या तक्रारींसाठी २०१४ साली संसदेने जागल्यांच्या संरक्षणाचा कायदा संमत केला, परंतु तो अंमलात आलेला नाही, आणि खाजगी औषधशाळा त्याच्या कक्षेत येतही नाहीत. माहितीच्या अधिकाराच्या २००५ च्या कायद्यातील कलम ८(१)(छ) अन्वये, कायद्याच्या अंमलबजावणीसाठी विश्वासाने दिलेल्या माहितीचा स्रोत ज्यातून उघड होईल, ती माहिती नाकारता येते. पोलिसांना गुन्ह्याची खबर कोणी दिली हे सांगण्यास त्यांना भाग पाडता येत नाही. गर्भलिंगनिदानाच्या बाबतीत तर राज्य शासनाने खबऱ्याचे नाव गुप्त ठेवून बक्षीस देण्याची योजनाच केली. औषधातील भेसळ हा काही त्याहून हलका गुन्हा नव्हे.

येथे निनावी आणि गोपनीय यांतील भेद ध्यानात घ्यावा. निनावी पत्र लिहिणाऱ्याला उलट प्रश्न विचारता येत नाही. ते प्रतिस्पर्ध्यानेही लिहिलेले असू शकते, आणि औषधशाळामालकांची ही भीती अनाठायी नाही. २०१४ च्या कायद्यातही नाव नसलेल्या तक्रारीवर कार्यवाही नाही. गोपनीय तक्रारीत नाव असते, मात्र ते एका-दोघांपलीकडे जात नाही. त्यामुळे तक्रार पारखता येते आणि सूडाची तक्रार तेथेच गळते.

परिशिष्ट ‘टी’ नुसार प्रत्येक आयुर्वेदीय उत्पादकाने बाजारातून आलेल्या तक्रारींची नोंदवही ठेवून दर सहा महिन्यांनी तिचा गोषवारा परवाना अधिकाऱ्याकडे पाठवावयाचा असतो. ही वही बाहेरून येणाऱ्या आवाजासाठी आहे. कारखान्याच्या आतून येणाऱ्या आवाजासाठी कोणतीही वही नाही. अनिष्ट परिणामांचा अहवाल मात्र कोणीही वैद्य भरू शकतो. २०१८ पासून दिल्लीचे अखिल भारतीय आयुर्वेद संस्थान या औषधदक्षता कार्याचे राष्ट्रीय केंद्र असून अहवाल देणाऱ्याचे नाव गुप्त ठेवले जाते. हा अहवाल म्हणजे फिर्याद नव्हे, हे लक्षात आले तर कित्येकांचा संकोच जाईल.

नाशिकपुरते बोलावयाचे तर आरोग्य विज्ञान विद्यापीठ, पंचवटीतील आयुर्वेद महाविद्यालय, गोळे कॉलनीतील घाऊक औषधबाजार आणि सातपूर-अंबडचे कारखाने हे सारे एकाच शहरात आहेत. सिंहस्थात घाटावर लेबल नसलेल्या पुड्या किती विकल्या जातात, हे आपण पाहत आलो आहोत. म्हणून आपल्या संघटनेने दोन ज्येष्ठ वैद्य नेमावेत. ज्यांची स्वतःची औषधशाळा नाही आणि कोणत्याही औषधशाळेशी व्यवहार नाही, असेच ते असावेत. तक्रार त्यांनीच ऐकावी, तक्रारदाराचे नाव वेगळ्या लिफाफ्यात कुलूपबंद ठेवावे, कार्यकारिणीलाही सांगू नये, आणि तथ्य दिसल्यास अन्न व औषध प्रशासनाच्या नाशिक कार्यालयाला संघटनेच्या नावाने कळवावे. मालकांनी यास विरोध करू नये. आतला माणूस आपल्याकडे आला नाही, तर तो एक तर बाजारात बोलतो किंवा मुळीच बोलत नाही.

तक्रारीसोबत उत्पादनाचे नाव, बॅच क्रमांक, निर्मिती व मुदतीचा दिनांक, परवाना क्रमांक आणि खरेदीची पावती असावी. स्वतः पाहिलेले आणि इतरांकडून ऐकलेले वेगवेगळे लिहावे. न उघडलेले पाकीट मिळाल्यास उत्तम. रुग्णाने आणलेली अर्धी पुडीही टाकून न देता मूळ वेष्टनासह कोरड्या जागी ठेवावी आणि ती कोणत्या दिवशी, कोणाकडून मिळाली याची नोंद त्याच दिवशी करावी.