काँक्रीटचा बाक



वसंत व्याख्यानमालेची प्रथा न्यायमूर्ती रानडे यांनी १८७५ साली पुण्यात सुरू केली. तेव्हापासून महाराष्ट्रातल्या गावोगावच्या व्यासपीठांवर धर्म, राजकारण, अर्थकारण, साहित्य हे सारे विषय येऊन गेले. त्या थोर मंडळींच्या रांगेत आज सिमेंटचा बाक येऊन बसतो आहे, म्हणून कोणी नाक मुरडले तर आमची तक्रार नाही. पण आमचे एक म्हणणे आहे. ज्या गावात आपण राहतो ते मीरा-भाईंदर जवळजवळ सगळे काँक्रीटचे आहे. १९८५ साली येथे नगरपालिका आली, २००२ साली महानगरपालिका झाली, आणि मिठागरे व भातशेती यांच्या शेजारी इमारतींचे रान उभे राहिले. आपल्या डोक्यावर काँक्रीट, पायाखाली काँक्रीट. आणि ते कशाने टिकते, कशाने फुटते, हे मात्र आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक. एक साधा बाक स्वतःच्या हातांनी केला, तर हे ज्ञान आपोआप पदरात पडते. म्हणून हा विषय.

आम्ही कॉलेजची पायरी चढलेलो नाही. गवंडी, सळईवाले, बिगारी यांच्या संघटनेत काम करताना जे पाहिले, आणि रात्री पुस्तके चाळून जे पडताळले, तेवढेच येथे सांगणार आहोत.

प्रथम एक गैरसमज दूर करू. सिमेंट वाळून घट्ट होते असे बहुतेकांना वाटते. तसे ते होत नाही. चिखल वाळून घट्ट होतो, म्हणून पाणी पडले की पुन्हा चिखल होतो. सिमेंट पाण्याशी संयोग पावून घट्ट होते. त्या संयोगातून नवे पदार्थ तयार होतात आणि ते रेतीच्या व खडीच्या कणांना एकमेकांशी जखडून टाकतात. पाणी हे येथे नुसते कालवण्याचे साधन नसून बांधणीचा एक घटक आहे. म्हणून ताजे काम उन्हात सुकू दिले, तर ते अर्ध्यावर थांबते. वरून घट्ट दिसते, आतून कच्चे राहते. ही एक गोष्ट मनात पक्की बसली, की बाकीचे सारे नियम तिच्यातूनच निघतात.

आता थोडा इतिहास, कारण तो मोठा गमतीदार आहे. आपण ज्याला पोर्टलँड सिमेंट म्हणतो त्याचे पेटंट इंग्लंडात जोसेफ अ‍ॅस्पडिन याने १८२४ साली घेतले. इंग्लंडातल्या पोर्टलँडच्या दगडासारखे ते दिसते, म्हणून ते नाव. काँक्रीट दाब उत्तम सोसते, पण ताण सोसत नाही; वाकवायला गेले की तडकते. त्यात लोखंड घालून हा दोष काढण्याची युक्ती ज्या थोड्या लोकांना सुचली, त्यांत फ्रान्समधला जोसेफ मोनिए हा एक होता. तो इंजिनिअर नव्हता, माळी होता. झाडांच्या कुंड्या फुटतात म्हणून त्याने सिमेंटच्या पोटात लोखंडी जाळी घातली आणि १८६७ साली तिचे पेटंट घेतले. पूल आणि इमारती मागाहून आल्या. तेव्हा बागेतली कुंडी ही मोठ्या बांधकामाची नक्कल आहे असे कोणी समजू नये. मोठे बांधकामच कुंडीच्या वंशातले आहे!

आपल्याकडे पोरबंदर येथे १९१४ साली सिमेंट तयार होऊ लागले. पुढे १९२२ साली मुंबईत फिरोजशा सिधवा यांनी स्वदेशीच्या भावनेने सिमेंटच्या रंगीत फरशांचा उद्योग काढला. त्या भारत टाइल्स मुंबईच्या जुन्या घरांतून आजही पायांखाली चमकताना दिसतात. आणि मुंबईकराला काँक्रीटचा बाक नवा आहे असे कोण म्हणेल? मरीन ड्राइव्हचा कठडा हा या शहरातला सर्वांत लांब बाक आहे. त्यावर बसायला तिकीट लागत नाही आणि शिफारसही लागत नाही.

आता प्रत्यक्ष कृतीकडे वळू. आपण तीन माणसांना बसता येईल असा बाक घेऊ. बसण्याची फळी चार फूट लांब, सोळा इंच रुंद, तीन इंच जाड. तिच्याखाली दोन पाय, प्रत्येकी वीस इंच उंच, एक फूट रुंद, तीन इंच जाड. त्यांतले चार इंच जमिनीत जातील. या सगळ्याला अर्धे पोते, म्हणजे २५ किलो सिमेंट पुरते. सिमेंटचे एक माप घेतले, तर रेतीची दीड मापे आणि १० मिलिमीटरची बारीक खडी तीन मापे घ्यावी. मापाला बादली किंवा घमेले काहीही चालेल, पण तिन्हींना एकच असावे. पाणी अकरा ते बारा लिटर, त्यापुढे नाही. माल सैल असला की पसरायला सोपा जातो, म्हणून पाणी ओतत राहण्याचा मोह होतो. परंतु संयोगाला लागते त्याहून जास्त असलेले पाणी पुढे उडून जाते आणि त्याच्या जागी बारीक पोकळ्या उरतात. त्या पोकळ्यांतून बाहेरचे पाणी आत शिरते. दुबळ्या काँक्रीटचे पहिले कारण सिमेंटची काटकसर हे नसून पाण्याची उधळपट्टी हे असते.

साचा प्लायवूडचा किंवा गुळगुळीत पत्र्याचा करावा, आतून तेलाचा हलका हात फिरवावा, फटी बुजवाव्या. फळीचा साचा उपडा ओतावा, म्हणजे साच्याचा तळ हीच पुढे बसण्याची बाजू होईल आणि ती आपोआप गुळगुळीत येईल. मात्र येथे एक मोठी मेख आहे. फळीवर माणूस बसला की ती खाली वाकू पाहते. वरची बाजू दाबली जाते आणि खालची ताणली जाते. लोखंड ताणासाठी आहे, म्हणून सळई खालच्या बाजूजवळ हवी. पण आपण फळी उपडी ओततो आहोत! म्हणजे ओतताना सळई साच्याच्या तळाशी न राहता तोंडाजवळ आली पाहिजे. साच्यात पावणेदोन इंचांपर्यंत माल भरावा, ठोकून बसवावा, त्यावर ६ मिलिमीटरच्या तीन लांब आणि पाच आडव्या सळयांची बांधलेली जाळी ठेवून तिच्या आडव्या सळया मालात दाबाव्या, आणि लगेच वरचा माल भरावा. दोन थरांमध्ये चहाला जाऊ नये. सळईचे टोक कोठेही बाहेर डोकावता कामा नये. चारी बाजूंनी इंचभर काँक्रीट तिच्या अंगावर असावे. भरताना साच्याला बाहेरून लाकडी हातोडीने ठोकत राहावे. हवेचे बुडबुडे वर येतात, आणि पुढे जो मधमाश्यांच्या पोळ्यासारखा सच्छिद्रपणा दिसतो तो टळतो.

दुसऱ्या दिवशी साच्याच्या बाजू काढाव्या, पण तुकडा हलवू नये. ओले गोणपाट अंथरून दहा दिवस ते सुकू देऊ नये. यालाच आपले गवंडी पाणी मारणे म्हणतात. आठवड्यानंतर फळी उचलता येते; तिचे वजन सुमारे ९० किलो भरते, म्हणून चार माणसे हवी. उलटवताना ती कडेवर उभी करून फिरवावी, आडवी धरून नेऊ नये. पाय जमिनीत रोवून भोवती मुरूम ठोकावा, वर सिमेंट-रेतीच्या मालाचा थर देऊन फळी बसवावी. पाय फळीच्या टोकांपासून आठ-आठ इंच आत असावे. पूर्ण बळ येण्यास २८ दिवस धरावे. त्या आधी मुलांना त्यावर उड्या मारू देऊ नयेत, मग ती कितीही लाडकी असोत.

कुंडी याहून सोपी. मोठ्या बादलीत लहान बादली ठेवून मधली दीड-दोन इंचांची जागा भरली, तळाशी पाणी जाण्यास भोक ठेवले, की झाले. नवी कुंडी काही दिवस पाण्याने भरून-रिती करावी, कारण सुरुवातीला तिच्यातून निघणारा चुन्याचा अंश रोपांना मानवत नाही.

आता आपल्या गावापुरती खास गोष्ट. येथे एका अंगाला वसईची खाडी आणि दुसऱ्या अंगाला उत्तनचा समुद्र. या खाडीतून वर्षानुवर्षे रेती उपसली गेली. खाडीच्या रेतीत मीठ असते. ताज्या काँक्रीटमधील तीव्र अल्कलीमुळे सळईवर एक सूक्ष्म संरक्षक थर बसतो आणि तोच तिला गंजू देत नाही. मिठातला क्लोराइड हा अंश तो थर मोडतो. मग लोखंड गंजते. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी अधिक जागा व्यापतो, आतून रेटा देतो आणि काँक्रीटचे पापुद्रे निघतात. जुन्या इमारतींच्या छतांतून उघड्या पडलेल्या तांबड्या सळया आपण पाहिल्या आहेत. त्या पापुद्र्यांची कुळकथा ही अशी. यासाठी खाडीची रेती आणि मचूळ पाणी बाकालाही वर्ज्य समजावे. दगडाचा धुतलेला चुरा, ज्याला बाजारात क्रश सँड म्हणतात, तो घ्यावा. समुद्राच्या वाऱ्यात उघड्या राहणाऱ्या कामात सळईवर ४५ मिलिमीटर आच्छादन असावे असे भारतीय मानक सांगते. तीन इंची फळीत ते मावत नाही. म्हणून उत्तनच्या किनाऱ्यालगत राहणाऱ्यांनी स्लॅग सिमेंट वापरावे आणि शक्यतो लोखंडाविना बसतील असे जाड, ठोकळ्यासारखे घाट निवडावे. नुसता दाब सोसणाऱ्या भरीव ठोकळ्याला सळई लागत नाही, आणि जे पोटात नाही ते गंजणार कसे?

वजनाचाही विचार हवा. काँक्रीटचा एक घनमीटर सुमारे २४०० किलो भरतो. आपला बाक सुमारे १४७ किलोंचा. त्यावर तीन माणसे बसली की ३४० किलोंच्या घरात जातो. राहत्या खोलीची जमीन साधारणतः दर चौरस मीटरला २०० किलो भार धरून आखतात. तेव्हा असा बाक अंगणात, बागेत, इमारतीच्या आवारात ठेवावा. गॅलरीत ठेवू नये, आणि तीस-चाळीस वर्षांच्या गंजलेल्या गॅलरीत तर मुळीच नाही. तिथे तुळशीची एक लहान कुंडी पुरे.

काम करणाऱ्या हातांविषयी आता सांगतो, आणि ते थोडे आग्रहाने. ओले सिमेंट निरुपद्रवी दिसते, पण ते कातडी जाळते. ते लगेच चुरचुरत नाही, म्हणूनच अधिक फसवे. गुडघे टेकून तासभर ओल्या मालात बसलेल्या माणसाला संध्याकाळी जखमा दिसतात. शिवाय सिमेंटमधील क्रोमियमच्या अंशाने काहींना कायमचा खरजेसारखा विकार जडतो. मग तो माणूस त्या धंद्यातूनच उठतो. रबरी हातमोजे, बूट आणि शेजारी स्वच्छ पाण्याची बादली, एवढी तयारी प्रथम करावी. डोळ्यांत गेले तर पुष्कळ पाण्याने धुऊन तडक डॉक्टरकडे जावे. घट्ट काँक्रीट कापताना वा घासताना ते ओले ठेवावे. त्याच्या कोरड्या धुळीतील सिलिका फुप्फुसात बसते आणि त्या रोगाला उतारा नाही. जुना सिमेंटचा पत्रा फोडून भरावात घालू नये, त्यात अ‍ॅस्बेस्टॉस असते. आपण घरी एक दिवस ही काळजी घेऊ. मग आपल्या इमारतीच्या दुरुस्तीला आलेला बिगारी उघड्या हातांनी आणि अनवाणी पायांनी तोच माल कालवताना दिसला, तर आपण गप्प बसणार नाही अशी आमची आशा आहे.

हेही मान्य केले पाहिजे, की सिमेंट स्वस्त असले तरी फुकट नाही. जगात माणसाकडून होणाऱ्या कार्बन डायऑक्साइडच्या उत्सर्जनापैकी सुमारे सात-आठ टक्के एकट्या सिमेंटच्या उद्योगातून होते. म्हणून लाकडाची खुर्ची दुरुस्त होत असेल तर ती दुरुस्त करावी. काँक्रीट तेथेच वापरावे जेथे चार महिन्यांचा पाऊस, वाळवी आणि खारा वारा लाकूड-लोखंड टिकू देत नाहीत. आणि केले तर ते पन्नास वर्षे टिकेल असे करावे.

शेवटी, बाक कोणासाठी? ज्यांच्या हातांनी हे शहर ओतले, ते मजूर सकाळी नाक्यावर कामाची वाट पाहत उभे असतात. पहारेकरी दाराशी उभा, कचरा वेचणारी बाई आवारात उभी, दुकानातली मुलगी दिवसभर उभी. उभ्या-उभ्या काम करणाऱ्याला बसायला साधन द्यावे, असे १९४८ सालच्या कारखाने कायद्याच्या ४४ व्या कलमात लिहिले होते. दुकानांतल्या नोकरांसाठी हाच हक्क केरळने २०१८ साली आणि तामिळनाडूने २०२१ साली कायद्यात आणला, आणि केरळात त्यासाठी कापडदुकानांतल्या बायकांना लढावे लागले. बसणे ही चैन नव्हे. तो श्रमाचाच एक भाग आहे, जसे पाणी हा काँक्रीटचा भाग आहे.

म्हणून आमची सूचना अशी. पुढच्या सुटीत आपल्या सोसायटीत पाच-सहा जणांनी मिळून एक पोते आणावे. अर्ध्या पोत्याचा बाक आत, बागेत, आपल्या वडीलधाऱ्यांसाठी ठेवावा. उरलेल्या अर्ध्याचा दुसरा बाक सोसायटीच्या परवानगीने फाटकापाशी, सावलीत ठेवावा. तेथे कोणीही बसावे, कोणी कोणाला उठवू नये. आणि दहा दिवस दोन्हींना पाणी मारायला विसरू नये.

इतके सांगून आम्ही आपली रजा घेतो.