स्वमग्न मूल आणि आपण

एकदा पालकसभा संपल्यावर एका विद्यार्थिनीच्या आई मागे थांबल्या. त्यांचा धाकटा मुलगा चार वर्षांचा. अजून बोलत नव्हता. डॉक्टरांनी त्याला स्वमग्नता, म्हणजे ऑटिझम, असल्याचे सांगितले होते. त्यांनी विचारले, “बाई, याच्याशी मराठी बोलणं बंद करू का? आम्ही घरात मराठी बोलतो, त्याची आजी अहिराणी बोलते, गल्लीत हिंदी, बाजारात गुजराती. एवढ्या भाषांनी पोराचं डोकं गोंधळतं म्हणे. फक्त इंग्रजी बोला, असं सांगतात.”

त्या दिवशी आम्हांला नीट उत्तर देता आले नाही, याची रुखरुख लागून राहिली. मग आम्ही शिक्षकांनी या विषयावर वाचन केले, जाणकारांना विचारले. त्यातून जे समजले ते आपल्यापुढे ठेवत आहोत. त्या ताईंच्या प्रश्नाचे उत्तरही त्यात आहे.

स्वमग्नता म्हणजे काय?

अमेरिकेतील बाल्टिमोर येथे डॉ. लिओ कॅनर यांनी १९४३ साली अकरा मुलांचे वर्णन प्रसिद्ध केले. ही मुले माणसांपेक्षा वस्तूंत अधिक रमत, ठरलेल्या क्रमात बदल झाला की अस्वस्थ होत आणि बोलण्याचा वापर वेगळ्याच पद्धतीने करत. आज आपण जाणतो की स्वमग्नता हा रोग नाही. मेंदूची घडण जन्मापासूनच वेगळी असते. आनुवंशिकतेचा त्यात मोठा वाटा असतो.

ती प्रत्येकात सारखी नसते. एखादे मूल मुळीच बोलत नाही, तर दुसरे रेल्वेचे सारे वेळापत्रक धडाधड म्हणून दाखवते, पण मधल्या सुट्टीत मित्राशी काय बोलावे हे त्याला कळत नाही. वर्षाचे झाले तरी नावाने हाक मारल्यावर न वळणे, हवी ती वस्तू बोटाने न दाखवणे, आलेले शब्द पुन्हा हरवणे, एकच हालचाल पुनःपुन्हा करणे, अशी लक्षणे दिसली तर ‘मुलगे उशिराच बोलतात’ म्हणून वाट पाहू नये. बालरोगतज्ज्ञांना दाखवावे.

हे दुर्मीळही नाही. पालवल, कांगडा, ढेंकानाल, उत्तर गोवा आणि हैदराबाद या पाच ठिकाणी २ ते ९ वर्षांच्या मुलांची पाहणी झाली होती. तिचे निष्कर्ष २०१८ साली प्रसिद्ध झाले. त्यानुसार सुमारे शंभर मुलांमागे एक मूल स्वमग्न असते. म्हणजे आपल्यासारख्या कोणत्याही शाळेत अशी मुले असणारच. काहींना आपण ओळखतो, काहींना ‘हट्टी’ किंवा ‘आगाऊ’ म्हणून मोकळे होतो.

एक गोष्ट ठासून सांगायला हवी. यात आईचा दोष नाही. गेल्या शतकाच्या मध्यावर काही तज्ज्ञ आईच्या थंडपणाला जबाबदार धरत. ते मत केव्हाच खोटे ठरले आहे. लसीमुळे स्वमग्नता येते हा दावाही तसाच. तो करणारा १९९८ चा शोधनिबंध ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने २०१० साली मागे घेतला. तरीही आपल्याकडे सासरचे-माहेरचे लोक आईलाच बोल लावतात. तो बोल थांबवणे ही त्या घराला होणारी पहिली मदत.

कॅनर यांचा पहिला मुलगा

कॅनर यांच्या अकरा मुलांपैकी पहिला डोनाल्ड ट्रिपलेट. मिसिसिपी राज्यातील फॉरेस्ट या छोट्या गावात १९३३ साली त्याचा जन्म झाला. लहानपणी त्याला काही काळ संस्थेत ठेवले होते, पण आई-वडिलांनी त्याला परत घरी आणले. पुढे तो शिकला, घरच्यांचा हिस्सा असलेल्या गावातल्या बँकेत अनेक वर्षे नोकरी केली, गोल्फ खेळला, गाडी चालवली, एकट्याने देशोदेशी हिंडला. २०२३ साली, ८९ व्या वर्षी, तो वारला.

त्याचे घर सुखवस्तू होते हे खरे. पण त्याच्याविषयी ज्यांनी लिहिले त्या पत्रकारांना आणखी एक गोष्ट जाणवली. गावाने त्याला त्याच्या स्वभावासह आपला मानले होते. तो शेवटपर्यंत स्वमग्नच राहिला आणि तरीही चांगले आयुष्य जगला. उपचारांकडे पाहताना आम्हांला हीच कसोटी योग्य वाटते. मूल ‘चारचौघांसारखे’ दिसू लागले का, हे विचारण्यापेक्षा त्याचा त्रास कमी झाला का, त्याला आपले म्हणणे सांगता येते का आणि त्याचा दिवस बरा जातो का, हे विचारावे.

कोणते उपचार, कशासाठी?

वाचा-उपचार म्हणजे स्पीच थेरपी. तिचा हेतू केवळ उच्चार सुधारणे नाही. हवे-नको सांगता येणे हे पहिले ध्येय. शब्द येत नसतील तर चित्रकार्डे, खुणा किंवा टॅबलेट वापरतात. मूल पाण्याचे चित्र देते आणि त्याला पाणी मिळते. चित्रांची सवय लागली तर मूल बोलणार नाही, ही भीती अनेकांना वाटते. अनुभव आणि संशोधन तिला दुजोरा देत नाहीत. मुंबईच्या आयआयटीने ‘जेलो’ नावाचे चित्र-संवादाचे अॅप विनामूल्य उपलब्ध करून दिले आहे. ते मराठीतही आहे.

व्यवसायोपचार म्हणजे ऑक्युपेशनल थेरपी. बटण लावणे, पेन्सिल धरणे, जेवणे, दात घासणे ही रोजची कामे त्यात शिकवतात. आवाज, उजेड, स्पर्श यांचा त्रास कसा सांभाळावा हेही पाहतात.

वर्तनोपचारात मोठे काम छोट्या पायऱ्यांत विभागून, शाबासकी देत शिकवले जाते. पूर्वी काही ठिकाणी यात शिक्षाही होत असे. ‘आम्हांला सतत डोळ्यांत डोळे घालायला लावले, हात हलवू दिले नाहीत,’ अशी तक्रार मोठ्या झालेल्या अनेक स्वमग्न व्यक्तींनी केली आहे. ती ऐकण्याजोगी आहे. आज चांगले उपचारक खेळातून, मुलाच्या आवडीतून शिकवतात. ज्या सवयीने कोणाचे नुकसान होत नाही ती मोडण्यात वेळ घालवत नाहीत.

दिनक्रमाची मांडणी हा सर्वांत स्वस्त उपाय. अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठात एरिक शॉपलर यांनी १९७० च्या दशकात ही पद्धत रुजवली. दिवसात काय काय होणार ते चित्रांनी भिंतीवर लावायचे. काम झाले की चित्र काढून ठेवायचे. पुढे काय आहे हे दिसले की मुलाची धास्ती कमी होते.

औषधाने स्वमग्नता जात नाही. मात्र झोप, फेफरे, तीव्र चिडचिड किंवा स्वतःला इजा करणे यांवर डॉक्टर औषध देऊ शकतात. मूल अचानक आक्रमक झाले तर आधी दात, कान, पोट दुखत नाही ना हे पाहावे. त्याला सांगता येत नाही, एवढेच कारण असू शकते.

गोव्याचा अनुभव

महिन्याला हजारो रुपये उपचारांवर खर्च करणे किती घरांना परवडते? लूमवर काम करणाऱ्या बापाला आठवड्यातून चार वेळा सुटी कोण देणार? या प्रश्नाला थोडे उत्तर गोव्यात मिळाले आहे.

गोव्यातील ‘संगाथ’ ही संस्था आणि पाकिस्तानातील रावळपिंडीचे सहकारी यांनी मिळून एक चाचणी केली. तिचे निष्कर्ष २०१६ साली ‘लॅन्सेट सायकिअ‍ॅट्री’त छापून आले. तीत २ ते ९ वर्षांची ६५ स्वमग्न मुले होती. त्यांपैकी निम्म्या मुलांच्या घरी डॉक्टर किंवा थेरपिस्ट गेले नाहीत. प्रशिक्षण दिलेले साधे कार्यकर्ते गेले. आठ महिन्यांत बारा भेटी. कार्यकर्ता आई-मुलाच्या खेळाचे थोडा वेळ चित्रण करी आणि मग दोघे मिळून ते पाहत. ‘इथे त्याने तुमच्याकडे पाहिले, दिसले का?’ ‘इथे तुम्ही दोन क्षण थांबलात आणि त्याने आवाज काढला.’ आई आपल्या मुलाच्या बारीक खुणा ओळखायला शिके. प्रश्नांची सरबत्ती न करता थांबायला आणि तो ज्यात रमला आहे त्याबद्दलच बोलायला शिके.

पालकांच्या प्रतिसादात मोठा फरक पडला आणि मुले आपणहून संवाद अधिक सुरू करू लागली. सगळेच सुधारले असे नाही. दोघांनी मिळून एकाच गोष्टीत लक्ष घालणे त्यात वाढले नाही. पण घरातल्या माणसालाच शिकवले तर मुलापर्यंत मदत पोहोचते, हे त्यातून दिसले. तज्ज्ञांची गरज संपत नाही, पण तज्ज्ञ मिळेपर्यंत हात बांधून बसण्याचे कारण नाही.

मग भाषा कोणती?

आता त्या ताईंचा प्रश्न. दोन भाषांत वाढणाऱ्या स्वमग्न मुलांची तुलना एकाच भाषेत वाढणाऱ्या स्वमग्न मुलांशी अनेक अभ्यासांत झाली आहे. दुसऱ्या भाषेमुळे मुले मागे पडतात असे त्यांत आढळलेले नाही.

वरचा गोव्याचा अनुभव आठवा. मुलाच्या खुणेला लगेच, सहज, प्रेमाने उत्तर देणे हे औषध आहे. ते उत्तर आईला कोणत्या भाषेत सुचेल? अडखळत्या इंग्रजीत नक्कीच नाही. आणि घरात मराठी बंद केली तर आजी त्याच्याशी कशात बोलणार? ज्या मुलाला आधीच माणसे जोडणे कठीण जाते, त्याच्याकडून घरातले एक माणूस आपण काढून घेऊ. म्हणून आमचे उत्तर असे : ताई, मराठीच बोला. आजींना अहिराणीतच बोलू द्या. वाक्ये छोटी ठेवा, चित्राची जोड द्या, आणि थेरपिस्टनाही सांगा की घरची भाषा ही आहे.

आपल्या शहराचा आवाज

काही मुलांचे कान, डोळे, त्वचा फार हळवी असतात. आपल्याला सवयीचा वाटणारा लूमचा खडखडाट, गणपतीच्या मिरवणुकीतले ढोल-ताशे, उत्तरायणाच्या गच्चीवरचे भोंगे, शाळेची घंटा त्यांना अक्षरशः दुखते. मग मूल कान दाबते, ओरडते, जमिनीवर लोळते. हा हट्ट नव्हे. अशा वेळी रागावू नये, गर्दी करू नये. शांत जागी न्यावे आणि थोडा वेळ द्यावा. सणाला त्याला घरी कोंडण्यापेक्षा आरतीला लवकर, गर्दी नसताना न्यावे. कानांवर लावायचे आवाजरोधक उपयोगी पडतात.

फसवणुकीपासून सावध

‘मूल पूर्ण बरे करतो’ असे कोणी म्हणाले की तेथेच सावध व्हावे. मूलपेशींची, म्हणजे स्टेम सेलची, इंजेक्शने देऊन लाखो रुपये घेतले जातात. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने डिसेंबर २०२२ मध्ये स्पष्ट केले की स्वमग्नतेवर उपचार म्हणून त्यांची शिफारस करता येत नाही. शरीरातील धातू काढण्याच्या औषधांनी २००५ साली अमेरिकेत एका स्वमग्न मुलाचा जीव गेला. दागिने गहाण ठेवण्याआधी एवढे तरी विचारावे : याचा पुरावा काय, धोका काय आणि फरक पडला नाही तर केव्हा थांबायचे?

हक्क माहीत असू द्या

दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ मध्ये २१ प्रकारच्या दिव्यांगता आहेत. स्वमग्नता त्यांतली एक. किमान ४० टक्के दिव्यांगतेचे प्रमाणपत्र असलेल्या ६ ते १८ वर्षांच्या मुलाला जवळच्या शाळेत किंवा त्याच्या पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. प्रमाणपत्रासाठी ४० मुद्द्यांची भारतीय मोजपट्टी वापरतात. परीक्षेत लेखनिक, जादा वेळ अशा सवलती मिळतात. त्यांसाठी बोर्डाकडे वेळेवर अर्ज करावा लागतो. ‘निरामय’ योजनेत वर्षाला एक लाख रुपयांपर्यंतचे आरोग्य-विमा संरक्षण आहे आणि त्यात थेरपीचा खर्चही धरतात. सरकारच्या बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके अंगणवाडीत आणि शाळेत येतात. त्यांना शंका मोकळेपणाने सांगावी.

आपण काय करू शकतो?

विद्यार्थी मित्रांनो, वर्गातला एखादा मुलगा तुमच्याकडे न पाहता बोलत असेल, एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगत असेल, तर त्याची नक्कल करू नका. खेळाचे नियम त्याला स्पष्ट, एकेक करून सांगा. ‘नाही’ म्हणाला तरी उद्या पुन्हा विचारा.

पालकहो, शेजारच्या मुलाने दुकानात आरडाओरडा केला तर त्याच्या आईला सल्ला देऊ नका. ‘पिशवी धरू का?’ एवढेच विचारा.

विश्वस्त मंडळास आमची नम्र विनंती आहे. शाळेत एक छोटी शांत खोली असावी. प्रत्येक वर्गात चित्रांचे दिनदर्शक लावावे. आम्हां शिक्षकांना विशेष शिक्षकांकडून प्रशिक्षण मिळावे. आणि अशा मुलाच्या प्रवेशाच्या वेळी ‘आमच्याकडे जमणार नाही’ हे वाक्य आपल्या कार्यालयात कोणी उच्चारू नये. यांपैकी शेवटच्या गोष्टीला तर काहीच खर्च नाही.

त्या ताईंचा मुलगा येत्या काही वर्षांत पहिलीत बसण्याच्या वयाचा होईल. तो आपल्याच शाळेच्या दारात यावा आणि आपण तयार असावे, अशी आमची इच्छा आहे.