वैशाखातला रातांबा आणि मालवणी खानावळ

सिंधुदुर्गातील मालवणी खानावळीच्या ताटात वर्षभर जो आंबटपणा उतरतो, त्याची बेगमी एप्रिल आणि मे या दोनच महिन्यांत करावी लागते, कारण तो ज्या फळातून येतो ते रातांबे वैशाखात पिकतात आणि पहिल्या जोराच्या पावसाबरोबर संपतात. रातांबा म्हणजे कोकमाच्या झाडाचे पिकलेले, गडद लाल फळ; त्याच्या वाळवलेल्या सालीला सोल किंवा आमसूल म्हणतात, तर मिठात मुरवून काढलेल्या रसाला आगळ हे नाव आहे. खानावळ म्हणजे घरगुती पद्धतीने रांधलेले जेवण ठरलेल्या दरात वाढणारे छोटे भोजनगृह. मालवण, कुडाळ, वेंगुर्ले, सावंतवाडी या गावांची चव बाहेरच्या माणसाला बहुधा तिथेच प्रथम कळते.

देशाच्या बहुतेक भागांत रश्श्याला आंबटपणा आणण्याचे काम आज टोमॅटो करतो. मात्र अमेरिका खंडातून युरोपीयांमार्फत आलेल्या या फळाला मालवणी माशाच्या आमटीने कोकमाची जागा दिलेली नाही. कोकम हे पश्चिम घाट आणि कोकणपट्टीचे मूळचे झाड असून, पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ओर्ता याने १५६३ साली गोव्यात छापलेल्या आपल्या ग्रंथात त्याची दखल घेतली होती. टोमॅटोच्या गरामुळे रस्सा दाट होतो आणि त्याची गोडसर चव माशावर चढते. सोल मात्र गर न सोडता केवळ आंबटपणा देते, त्यामुळे ओल्या खोबऱ्याच्या वाटणाची आणि ताज्या मासळीची चव वेगवेगळी ओळखता येते. बांगड्याच्या तिखल्यात, म्हणजे तिखट रश्श्यात, सोलांच्या जोडीला तिरफळे ही मसाल्याची फळे येतात. चैत्रात कैरी हाताशी असली तर ती सोलांची जागा घेते, पण कैरी हंगामापुरती टिकते आणि सोल पुढच्या हंगामापर्यंत पुरते.

हे झाड बहुधा नारळी-पोफळीच्या बागेत, परसात किंवा कुंपणाच्या कडेला फारशा देखभालीशिवाय वाढते. त्यात नर आणि मादी झाडे वेगळी असतात. बीपासून वाढवलेल्या रोपांपैकी साधारण निम्मी नर निघतात आणि ती ओळखण्यासाठी फुलोरा येईपर्यंत काही वर्षे थांबावे लागते. ही अनिश्चितता टाळण्यासाठी मादी झाडाच्या काडीचे मृदकाष्ठ कलम, म्हणजे रोपाच्या कोवळ्या खोडावर केलेले कलम, लावले जाते. १९७२ साली स्थापन झालेल्या दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने १९९७ मध्ये ‘कोकण अमृता’ ही जात प्रसारित केली. तिची फळे पावसाआधी हाती येतात, आणि ज्या फळावर ओल बसताच बुरशी धरते त्याच्या बाबतीत हा गुण फार मोलाचा ठरतो.

हंगामात झाडाखाली पडलेली फळे रोज वेचली जातात आणि झाडावरची पिकतील तशी काढली जातात. फळ धुऊन फोडले की साल एका बाजूला आणि गरासह बिया दुसऱ्या बाजूला होतात. आगळासाठी साली आणि मीठ यांचे थर चिनी मातीच्या बरणीत किंवा प्लास्टिकच्या पिंपात रचून रोज हलवले जातात, आणि काही दिवसांत साली आपला रस सोडतात. हा रस तांबे-पितळेच्या भांड्याला चावत असल्याने तशी भांडी टाळली जातात. आमसुलासाठी बियांच्या गरात मीठ घालून सुटलेल्या रसात साली बुडवायच्या, उन्हात वाळवायच्या आणि पुन्हा बुडवायच्या, अशी पुटे साल काळसर व लवचीक होईपर्यंत द्यावी लागतात. बियाही वाया जात नाहीत: त्या वाळवून, कुटून, पाण्यात उकळल्यावर वर तरंगणारी चरबी थंड करून तिचे गोळे वळले जातात. हेच मुठेल, जे भेगाळलेल्या टाचांना लावण्यासाठी घरोघर ठेवले जाते.

खानावळीच्या स्वयंपाकघरात या साऱ्या मेहनतीची परीक्षा सोलकढीत होते. ओल्या नारळाचा पिळून काढलेला रस, ठेचलेली लसूण व हिरवी मिरची एकत्र करून त्यात आगळ थोडे थोडे ओतले जाते, आणि पांढऱ्या रसावर फिकट गुलाबी छटा चढू लागताच हात आवरला जातो, कारण त्यापुढचा प्रत्येक चमचा नारळाची गोडी दडपतो. हा रंग सालीतील अँथोसायनिन या नैसर्गिक रंगद्रव्याचा असतो. कढी विस्तवावर ठेवली जात नाही, कारण तापवल्यास नारळाचा रस फाटतो. आमटीतही सोले शेवटी पडतात, जेणेकरून आंबटपणा प्रमाणात राहावा. नारळाशिवायचे, जिरे-हिंग घातलेले कोकमाचे पाणी तिवळ म्हणून ओळखले जाते आणि मे महिन्याच्या उकाड्यात ते जेवणाआधीच मागितले जाते. जूनपासून पावसाळी मासेमारी बंदी लागू झाली की ताटात सुकी मासळी येते, आणि सुक्या सुंगटांच्या, म्हणजे कोळंबीच्या, आमटीला चव देण्यासाठी वैशाखातली हीच सोले बाहेर निघतात.

सिंधुदुर्ग आणि रत्नागिरीच्या कोकमाला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, म्हणजे या भूभागाशी जोडलेले त्याचे नाव कायद्याने सुरक्षित झाले. मात्र नाव सुरक्षित झाले म्हणून फळ आपोआप गोळा होत नाही. वेचणारे हात कमी पडले की पिकलेले रातांबे झाडाखालीच कुजतात, आणि ज्या परसात त्यांना किंमत मिळत नाही तिथे पुढचे कलम लावण्याचे कारण उरत नाही. म्हणूनच या हंगामाचा खरा सन्मान खानावळीच्या खरेदीत आहे: जी खानावळ वैशाखात आसपासच्या वाड्यांतून रातांबे रास्त दराने उचलते, बचतगटांच्या आगळाला बाजारातल्या तयार सरबतापेक्षा वरचे स्थान देते आणि आपल्या फलकावर हंगाम आवर्जून लिहिते, ती मालवणी चवीबरोबर ती पिकवणारे झाडही जगवते. अशा खानावळींची संख्या वाढणे ही किनाऱ्यावरील बागायतदाराची जितकी गरज आहे, तितकीच ती तिथे जेवणाऱ्या प्रत्येकाची जबाबदारी आहे.