दुष्काळग्रस्ताचा पत्ता

आपत्तीने माणसाला दिलेली नावे मराठीत पुष्कळ आहेत: पूरग्रस्त, भूकंपग्रस्त, धरणग्रस्त. धरणग्रस्त गाव सोडतो म्हणून त्याच्या पुनर्वसनासाठी महाराष्ट्राने १९७६ साली कायदा केला. दुष्काळग्रस्ताचे मात्र उलटे आहे. दुष्काळ जाहीर होतो तो तालुक्याचा, गावाचा. टँकर गावाला येतो, चारा छावणी गावाजवळ उघडते. माणूस वेशीबाहेर पडला की दप्तरी तो दुष्काळग्रस्त उरत नाही. मग तो कोण होतो, हा प्रश्न मला बरीच वर्षे कागदपत्रे चाळायला लावतो आहे.

२०१६चा उन्हाळा पाहा. लागोपाठ दोन पावसाळे हुकल्यावर लातूर शहराला पाणी पुरवणारे मांजरा धरण कोरडे पडले. पाणी भरण्याच्या जागांभोवती जमावबंदी लागली आणि एप्रिलमध्ये मिरजेहून पाण्याची रेल्वे निघाली. पहिल्या गाडीत १० वाघिणी, ५ लाख लिटर पाणी. तिची बातमी देशभर गाजली. त्याच सुमारास नांदेडकडची कुटुंबे मुंबईत घाटकोपरच्या मैदानावर पाले टाकून राहत होती. पाणी माणसांकडे निघाले होते, तशी माणसेही पाण्याकडे निघाली होती.

दोष एकट्या हवामानाचा नाही. उसाचे क्षेत्र आणि खोल जाणाऱ्या बोअर यांचाही त्यात वाटा आहे. पण पावसाचा स्वभावही बदलतो आहे. १९५० ते २०१५ या काळात मध्य भारतात विस्तृत प्रदेशावर होणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या, असे पुण्याच्या उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी २०१७ साली दाखवले. एकदम कोसळलेले पाणी वाहून जाते. जमिनीत मुरते ते थोडेच.

मुंबईत पोचलेल्याला तहान किती आहे हे विचारत नाहीत, झोपडी कधीची हे विचारतात. १ जानेवारी २००० नंतरच्या झोपडीला महापालिकेची नळजोडणी मिळत नसे. दुष्काळ तर त्यानंतरही येतच राहिले. अशा वस्तीत पाणी पिंपाच्या, कॅनच्या भावाने घ्यावे लागते आणि ते शुद्ध असल्याची खात्री कोणी देत नाही.

पाणी हक्क समितीच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने १५ डिसेंबर २०१४ रोजी सांगितले, की पाण्याचा हक्क हा राज्यघटनेच्या अनुच्छेद २१ मधील जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. झोपडी बेकायदा असली तरी तिच्यातल्या माणसाला पाणी नाकारता येत नाही. मात्र त्याला कायदेशीर रहिवाशाच्या बरोबरीने पाणी मागता येणार नाही, जादा दर लावण्यास हरकत नाही, असेही न्यायालयाने म्हटले. महापालिकेचे ‘सर्वांसाठी पाणी’ धोरण आले ते २०२२ साली.

निकालाने घर आणि तहान यांची गाठ सोडवली, हे मला मोठे वाटते. दुसरी गाठ अजून तशीच आहे: दुष्काळ आपण गावाच्या नावावर लिहितो. तो माणसाच्या नावावर लिहिला, तर गाव सोडल्यावरही त्याचा पाण्यावरचा हक्क त्याच्याबरोबर जाईल.