विनंतीची दहा वर्षं

फेब्रुवारी २०२५मध्ये फायरफॉक्सची १३५वी आवृत्ती आली आणि तिच्या सेटिंगमधून एक छोटी चौकट काढून टाकण्यात आली. ‘डू नॉट ट्रॅक’ नावाच्या त्या चौकटीत खूण केली, की ब्राउझर प्रत्येक संकेतस्थळाला कळवायचा, या माणसाचा माग काढू नका. ती चौकट २०११मध्ये सर्वात आधी आणली होती फायरफॉक्सनेच. पाठोपाठ एप्रिल २०२५मध्ये गूगलने जाहीर केलं, की क्रोममध्ये त्रयस्थ कुकी चालूच राहतील आणि त्याबद्दल वापरणाऱ्याला वेगळं विचारलंही जाणार नाही. दोन्ही बातम्या मला लागल्या. आपला खासगीपणा आपणच सेटिंगमध्ये जाऊन सांभाळायचा, असं ज्या काळाने आम्हाला शिकवलं, त्याचा हिशेब आता मांडायलाच हवा.

सुरुवातीची वर्षं भराभर उरकता येतील. १९९४मध्ये नेटस्केपच्या लू मॉन्टुली यांनी कुकी तयार केली, ती संकेतस्थळाला तुमची आधीची भेट आठवावी म्हणून. जाहिरातवाल्यांनी तिचा उपयोग एका संकेतस्थळावरून दुसऱ्यावर तुमच्या मागे येण्यासाठी केला. इंटरनेटचे तांत्रिक नियम ठरवणाऱ्या आयईटीएफने १९९७मध्येच सुचवलं होतं, की अशा त्रयस्थ कुकी ब्राउझरने आपणहून स्वीकारू नयेत. नेटस्केप आणि मायक्रोसॉफ्ट, दोघांनीही ते मानलं नाही. २००१च्या इंटरनेट एक्स्प्लोरर ६मध्ये खासगीपणाची सरकपट्टी आली. तिच्यावर सहा पातळ्या होत्या आणि ती मुळात मध्यम पातळीवर ठेवलेली असे. बहुतेकांनी ती कधी उघडूनही पाहिली नाही.

आमच्या पिढीला हे सगळं कळू लागलं सायबर कॅफेत. खुर्चीवरून उठताना हिस्टरी पुसायची, कुकी पुसायच्या, साठलेल्या फायली पुसायच्या. तिन्हींची बटणं वेगवेगळी. मेलमधून लॉग-आउट करायला विसरू नका, हे एकमेकांना बजावायचं. पुढे क्रोममध्ये २००८ साली इन्कॉग्निटो आलं, वर्षभरात इंटरनेट एक्स्प्लोरर आणि फायरफॉक्समध्येही तशी सोय आली आणि पुसण्याचे कष्टही वाचले. आपल्यानंतर त्या खुर्चीवर बसणाऱ्यापासून या सोयींनी आपलं खरोखर रक्षण केलं. पण आपण पुसतो ते फक्त आपल्या समोरच्या यंत्रातलं, ही गोष्ट फार थोड्यांच्या लक्षात आली. एप्रिल २०११मध्ये केंद्र सरकारने सायबर कॅफेंसाठी नियम केले. गिऱ्हाइकाचं ओळखपत्र पाहायचं, दोन यंत्रांमधला आडोसा साडेचार फुटांहून उंच ठेवायचा नाही आणि कोणती संकेतस्थळं उघडली गेली याची नोंद किमान वर्षभर जपायची. तुम्ही हिस्टरी पुसून उठलात, तरी मालकाने ठेवायची नोंद शाबूत राहणार होती. जाहिरात कंपन्यांच्या सर्व्हरवरच्या नोंदींचंही तेच.

म्हणूनच ‘डू नॉट ट्रॅक’ची कल्पना मला वेगळी वाटली होती. मागाहून पुसण्याऐवजी आधीच नको म्हणायची ही रीत होती. २००९मध्ये क्रिस्टोफर सोघोयन, सिड स्टॅम आणि डॅन कॅमिन्स्की यांच्या चर्चेतून ती निघाली. तांत्रिकदृष्ट्या काम अगदी सोपं: ब्राउझर पान मागवतो त्या मागणीसोबत एक छोटी ओळ जादा पाठवायची. डिसेंबर २०१०मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने या कल्पनेला पाठिंबा दिला. सप्टेंबर २०११मध्ये वेबची मानकं ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसीने त्यासाठी कार्यगट नेमला. फेब्रुवारी २०१२मध्ये जाहिरात उद्योगाच्या संघटनेने हा संकेत पाळण्याची कबुलीही दिली. त्या वर्षी मी भेटेल त्याच्या संगणकावर ती खूण करून देत होतो आणि ती पाळली जाईल, असं मनापासून सांगत होतो.

त्याच फेब्रुवारीत स्टॅनफर्डच्या जोनाथन मेयर यांनी उघड केलं, की ॲपलच्या सफारी ब्राउझरने त्रयस्थ कुकी अडवलेल्या असताना गूगल आडवाटेने त्या घुसवत होतं. सफारी वापरणाऱ्यांनी वेगळं काही करण्याची गरज नाही, असं आश्वासन गूगलनेच दिलेलं होतं. ऑगस्टमध्ये कंपनीला २ कोटी २५ लाख डॉलर दंड झाला. त्या कंपनीच्या मिळकतीपुढे ही रक्कम काहीच नव्हती.

मग भांडण पेटलं ते मूळ निवड कोणती असावी यावर. मायक्रोसॉफ्टने इंटरनेट एक्स्प्लोरर १०मध्ये ‘डू नॉट ट्रॅक’ आधीपासूनच चालू ठेवायचं ठरवलं आणि जाहिरात उद्योग खवळला. वापरणाऱ्याने स्वतः निवडलेलं नाही, म्हणून आम्ही ते मानणार नाही, असं याहूने सांगितलं. हा युक्तिवाद मी आजही विसरलेलो नाही. माग काढण्याची परवानगी तरी कोणी स्वतः निवडून दिली होती? गप्प राहिलेल्याची संमती धरायची आणि नकार मात्र त्याने मोठ्याने उच्चारलेला हवा, हा न्याय एकतर्फी होता. सप्टेंबर २०१३मध्ये जाहिरात संघटना कार्यगटातून बाहेर पडली. २०१४मध्ये याहूने हा संकेत पाळणंच सोडलं, २०१५मध्ये मायक्रोसॉफ्टने मूळ निवड बदलली, २०१७मध्ये ट्विटर मागे हटलं. क्रोममध्ये चौकट होती, पण गूगलच्या स्वतःच्या सेवा तिची दखल घेत नव्हत्या. जानेवारी २०१९मध्ये कार्यगट बंद झाला. त्यानंतर ॲपलने सफारीतून ही सोय काढली, कारण ती खूण केलेले लोक त्या खुणेमुळेच वेगळे ओळखू येऊ शकत होते. माग काढू नका म्हणणाऱ्याचा त्या म्हणण्यावरूनच माग काढता यावा, याचं मला फार वाईट वाटलं.

पुढची वर्षं तक्रारीचीच आहेत. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा युरोपचा कायदा मे २०१८मध्ये लागू झाला आणि दर पानावर संमतीच्या पाट्या झळकू लागल्या. त्यांत ‘सर्व स्वीकारा’ समोर आणि नकार दोन-तीन टिचक्यांच्या पलीकडे. याच कारणासाठी फ्रान्सच्या नियामकाने गूगलला १५ कोटी आणि फेसबुकला ६ कोटी युरो दंड केला. त्रयस्थ कुकी बंद करता येतात, हे सफारीने मार्च २०२०मध्ये सर्वांसाठी त्या बंद करून दाखवलं. गूगलने मात्र जानेवारी २०२०मध्ये दोन वर्षांचा वायदा केला, तो पुन्हा पुन्हा पुढे ढकलला आणि अखेर सोडून दिला. इन्कॉग्निटोबद्दलचा खटला मिटवताना त्याच कंपनीने २०२४मध्ये अब्जावधी नोंदी नष्ट करायचं कबूल केलं. इन्कॉग्निटोत निर्धास्त बसलेल्या लोकांच्या नोंदी तिथे साठत होत्या, एवढं यावरून स्पष्ट होतं.

‘डू नॉट ट्रॅक’ तंत्रामुळे हरलं नाही. २०२०मध्ये जवळजवळ तसाच संकेत ‘ग्लोबल प्रायव्हसी कंट्रोल’ या नावाने आला आणि कॅलिफोर्नियाच्या कायद्याने त्याला बळ दिलं. तो संकेत धुडकावल्याच्या आरोपावरून सेफोरा या सौंदर्यप्रसाधनांच्या कंपनीला २०२२मध्ये १२ लाख डॉलर भरावे लागले. आता तिथल्या नव्या कायद्यानुसार २०२७पासून प्रत्येक ब्राउझरमध्ये अशी सोय असावीच लागेल. फरक पडला तो फक्त मागे उभ्या राहिलेल्या कायद्याने.

आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१७मध्ये खासगीपणा हा मूलभूत अधिकार मानला. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३मध्ये झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५मध्ये आले आणि मुख्य जबाबदाऱ्या लागू व्हायला दीड वर्षाची मुदत ठेवली आहे. संमती देणं जितकं सोपं, तितकंच ती मागे घेणंही सोपं असावं, असं हा कायदा म्हणतो. मग ब्राउझरमधून एकदाच दिलेला नकार प्रत्येक संकेतस्थळावर बंधनकारक आहे, हेही सरकारने या मुदतीतच स्पष्ट लिहावं. सेटिंगची पानं उघडून, चौकटी शोधून, दर आठवड्याला कुकी पुसून लोकांनी आपली बाजू पुरेशी सांभाळली आहे. विनंती करून दहा वर्षांत काय हाती लागतं, ते आम्ही पाहिलं. यापुढे नकाराला कायद्याचा आधार हवा.