रंग शाबूत, पत्रा पोकळ

सकाळी दुकानं उघडायच्या आधी सोलापूरच्या नवी पेठेत चक्कर मारा आणि बंद शटरं नीट बघा. मधला पत्रा बहुधा धड असतो. गंज दिसतो तो जमिनीला टेकणाऱ्या खालच्या पट्टीत, कुलपाच्या कडीभोवती आणि जोडांत. रणगाड्याचा किंवा युद्धनौकेचा रंगही आधी तिथेच हार खातो. तरी लष्करी रंगाबद्दल आपल्या काही समजुती पक्क्या आहेत.

पहिली म्हणजे, लष्कराचा रंग आहे, त्यातून पाणी आत जाणारच नाही. प्रत्यक्षात इपॉक्सी असो की पॉलियुरेथेन, हळूहळू का होईना ओलावा आणि ऑक्सिजन त्यातून झिरपतातच. रंगानं फक्त त्यांना उशीर लावायचा आणि पत्र्याला इतकं घट्ट धरायचं, की मध्ये पाणी साचायला जागाच उरू नये. म्हणून निम्मी लढाई ब्रश हातात घेण्याआधीच्या घासणीत असते. पत्र्यावर मिठाचे कण तसेच राहिले आणि वरून रंग चढवला, तर परासरणामुळे ते मीठ रंगाच्या थरातून पाणी आत ओढतं आणि फोड येतात. वरून सगळं चकचकीत. फोड टोचला की तांबूस पाणी.

मग थर जाड द्या, असं कुणीही म्हणेल. पण ओला रंग धारदार कडेवरून मागे सरकतो, त्यामुळे सपाटीवर कितीही थापला तरी कडेला तो पातळच राहतो. जाणकार म्हणूनच आधी कड घासून गोल करतात आणि तिथे ब्रशनं वेगळा हात मारतात. गरजेपेक्षा जाड थर उलट तडकतो.

सोलापूरकरांची समजूत वेगळी: आपल्याकडे हवा कोरडी, रंगाला काय होतंय! गंजाचा वेग इथे कोकणापेक्षा कमी, हे खरंच. पण ऊन आहे ना. अतिनील किरणं रंगातली राळ तोडतात, रंगद्रव्य सुटं होतं आणि बोट फिरवलं की पांढुरकी पूड लागते. याला चॉकिंग म्हणतात. गंमत म्हणजे असा फिकटलेला रंग दिसायला वाईट असला, तरी खालचा प्रायमर शाबूत असेल तर संरक्षण बरंचसं टिकून असतं. इपॉक्सी उन्हात लवकर पूड धरतं, म्हणून त्याच्यावर पॉलियुरेथेनचा थर देतात.

वापर नाही म्हणजे झीज नाही, हीही एक समजूत. जुनी विमानवाहू नौका आयएनएस विक्रांत १९९७मध्ये निवृत्त झाली, पुढे मुंबईत संग्रहालय म्हणून उभी राहिली आणि २०१२मध्ये सुरक्षेच्या कारणानं बंद करावी लागली. २०१४मध्ये ती भंगारात निघाली. सेवेतली नौका ठराविक काळानं सुक्या गोदीत घेतात, तळ खरवडतात, पुन्हा रंगवतात. खाऱ्या पाण्यात नुसत्या उभ्या असलेल्या पोलादाला हे लाड कोण पुरवणार?

आणि झाडीत लपण्यासाठीचा लष्करी हिरवा म्हणजे नुसता हिरवा नव्हे. झाडाची पानं अवरक्त किरणं भरपूर परावर्तित करतात, साधा हिरवा रंग सहसा तितकी करत नाही. खरवडलेल्या जागी बाजारातून त्याच छटेचा डबा आणून हात मारला, तर गंज थांबेल, साध्या डोळ्यांना फरकही कळणार नाही. पण अवरक्त कॅमेऱ्यात तो ठिगळासारखा उठून दिसू शकतो. अंबरनाथला डीआरडीओची नौदल साहित्य संशोधन प्रयोगशाळा आहे. रंग आणि गंजरोधन हे तिथले संशोधनाचे विषय आहेत.